वच्छलामावशीचं निंदण

माझ्या कुंड्यांत सध्या गवत माजलंय. मोगऱ्यात आहे, जास्वंदीत आहे, तुळशीतसुद्धा आहे. शेजारच्या प्रभाने परवा टोकलं, "काय वं, लायब्ररीतून रिटायर झाली अन् घरची झाडं वाऱ्यावर सोडली काय?" तिला काय सांगू? अठरा वर्षं मला कुंडीतलं गवत कधी काढावंच लागलं नाही. ते काम वच्छलामावशीचं होतं, आणि तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

वच्छलामावशी बाळापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. नदीकाठी दोन एकर वावर, त्यात भाजीपाला, थोडी फुलं. सकाळच्या पहिल्या गाडीने अकोल्याला यायची, टोपली डोक्यावर घेऊन आमची कॉलनी फिरायची आणि शेवटी माझ्या फाटकाशी टेकायची. टेकायची म्हणजे बसायची नाही. उभ्यानेच बोलायची. तोंड चालू, डोळे माझ्या डोळ्यांत, नवऱ्याची तक्रार रंगात आलेली, आणि हात कठड्यावरच्या कुंडीत आपले आपले निंदत असायचे. बघायचीसुद्धा नाही. काय ठेवायचं आणि काय उपटायचं ते बोटांनाच कळायचं. मूठभर गवत झालं की मुळांची माती कुंडीतच झटकायची, गवत रस्त्यावरच्या बकरीपुढे टाकायची आणि म्हणायची, "हं, त काय सांगून राह्यली होती मी?"

पिकातलं गवत काढायला आमच्याकडे निंदण म्हणतात. मावशी सातव्या वर्षापासून निंदत आली होती. स्वतःच्या वावरात, लोकांच्या वावरात, आणि पुढे पुढे जिथं माती दिसेल तिथं. दवाखान्याच्या बागेत डॉक्टरची वाट बघताना निंदलं. मुलीच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या अंगणात, पाहुणे जेवायला बसलेले असताना, नव्या लुगड्यानिशी निंदलं. कोणी हसलं तर म्हणायची, "हसा बापा. माह्या हाताले खाज हाये, तुमच्या तोंडाले."

एकदा मी हौसेने नर्सरीतून शोभेचं गवत आणलं. लांब, बारीक, जांभळट पात्यांचं. दुसऱ्या दिवशी मावशी मेथीची जुडी देता देता सुनेचं काहीतरी सांगत होती, आणि माझं लक्ष जाईपर्यंत कुंडी साफ! मी किंचाळलेच. "मावशी, अहो विकत आणलं होतं ते!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गवत? इकत?"

"हो!"

"कोनं इकलं?" तिला माझ्यापेक्षा त्या विकणाऱ्याचंच नवल वाटलं होतं. माफी वगैरे तिने काही मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून कढीपत्त्याचं रोप घेऊन आली, त्या रिकाम्या कुंडीत लावलं, भोवतीची माती अंगठ्यांनी दाबली आणि म्हणाली, "घे. खायाच्या तरी कामी येईन." तो कढीपत्ता पुढे अंगणात लावला, आज माझ्या डोक्याच्या वर गेलाय. चूक झाली की ती बोलून मोकळी व्हायची नाही, काहीतरी लावून मोकळी व्हायची.

खोटं मात्र तिच्याने होत नसे. स्वतःची भाजी विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला "आज पालक नको घेऊ, कीड हाये त्याच्यात" असं सांगते, हे मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तिच्या नवऱ्याचा, महादेवरावांचा, यावरून जीव जायचा.

आता हिमालयाचं सांगते.

आम्ही सकाळी फिरणाऱ्या आठ-नऊ जणींनी गढवालात जायचं ठरवलं होतं. मोठं काही नव्हे. तीन दिवसांची पायवाट, सोबत गाईड, डोंगरातल्या एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, लोकांच्याच घरी राहायचं आणि शेवटच्या सकाळी वरच्या धारेवर चढून बर्फाची शिखरं बघून परत यायचं. मी फाटकाशी उभी राहून मावशीला हे सांगत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की तिचे हात थांबलेत.

"खरा बर्फ?" तिने विचारलं.

"खराच."

"अन् उन्हात राह्यते?"

"राहतो. बारा महिने."

"काहून फसवते बापा!"

तिच्या स्वयंपाकघरात खताच्या दुकानाचं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलेलं, पण वरच्या चित्रासाठी तिने ते काढलं नव्हतं. निळं आभाळ, लख्ख ऊन, आणि पांढराफेक डोंगर. अकोल्याच्या मे महिन्यात बर्फाची लादी सायकलवरून घरी आणेपर्यंत अर्धी होते, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे उन्हात बसून राहणारा तो डोंगर तिच्या गळी उतरत नव्हता. महादेवराव म्हणायचे, ते चित्र आहे, चित्रात काहीही असते. ती म्हणायची, नाही, पटत नसलं तरी फोटोच आहे. हा वाद त्यांच्या घरात पंधरा वर्षं चालू होता.

"मले नेशीन काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "चला की!" आता कोणी असं विचारलं की आपण म्हणतोच ना, चला की. त्याचा अर्थ चला असा नसतो. पण दुसऱ्या दिवशी मावशी टोपलीत कोथिंबिरीखाली आधार कार्ड ठेवून आली. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोरा गुंडाळलेला. आणि मी अडकले. खरं सांगते, मला तिला न्यायचं नव्हतं. बासष्टीची बाई, डोंगर, थंडी, काही झालं तर? आमच्यातल्या एकीने तर तोंडावर विचारलं, "तिला झेपेल का गं?"

निघायच्या दिवशी महादेवराव अकोल्याला स्टेशनवर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बर्फच पाहाचा होता त रसवंतीवर नेली असती. पन आता आयकत नाई. तिले तेवढा बर्फ दाखवजो, नाईतर माह्या डोक्याले जन्मभर ताप. अन् पेरनीच्या आत आनून देजो." मी म्हटलं, दाखवते आणि आणते. हा शब्द मी दिला होता, आणि त्याच्यामुळेच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

झेपण्याचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी आमची सगळ्यांची तोंडं बंद झाली. आम्ही महागाचे बूट, काठ्या, टोप्या घालून धापा टाकतोय आणि ही पुढे, गाईडच्या मागोमाग. लुगड्याचा काचा मारलेला, पायात भाच्याचे कॅनव्हासचे बूट, डोक्याला दुपट्टा. वर पाठीला पिशवी, त्यात जवसाची चटणी, दशम्या आणि एक खुरपं.

"मावशी, हिमालयात खुरपं कशाला?"

"असू दे. जड नाई ते."

आमचे गाईड बिष्टजी, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. ते आम्हाला शिखरांची नावं सांगायचे, आणि मावशी त्यांना विचारायची, "भैया, ये वावर में बैल कैसा घूमता?" डोंगराच्या अंगाला पायऱ्या पायऱ्यांची शेतं होती. काही तर आमच्या बैठकीच्या खोलीएवढीच. तिला त्या शेतांपुढे बाकी काही दिसेना. वाटेत कोणी बाई गवताचा भारा घेऊन येताना दिसली की मावशी थांबलीच. अकोल्याच्या बाजारातली तिची हिंदी, त्या बायांची पहाडी हिंदी, आणि तरी पाच मिनिटांत दोघी एकमेकींच्या हातांचे घट्टे बघताहेत. बिष्टजी मला म्हणाले, "मैडम, इनको गाईड की ज़रूरत नहीं है." मला उगीचच अभिमान वाटला. आधी न्यायला कुरकुरत होते ते सोयीस्कर विसरले.

दर मुक्कामी तिचा एकच प्रश्न. "कुठी हाये बर्फ?" दोन दिवस ढगांनी काही दिसू दिलं नाही. बिष्टजी म्हणायचे, तिसऱ्या दिवशी सकाळी, वरून. पण सहाला निघायचं. नऊच्या पुढे ढग चढतात, मग काही दिसत नाही. आणि त्याच दुपारी खाली उतरून गाडी पकडायची होती. म्हणजे जे काय बघायचं ते त्या एका सकाळी.

शेवटचा मुक्काम बसंतीदेवीकडे होता. मावशीच्याच वयाची, काटक बाई, घरात एकटीच. मुलं खाली शहरात. संध्याकाळी तिने आम्हाला चुलीपुढे बसवून गरम गरम जेवू घातलं, शेवटी दुधातलं काहीतरी गोड वाढलं. मावशीने तिला जवसाची चटणी दिली. तिखटाने बसंतीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने पुन्हा मागून घेतली. मावशी एवढी खूश झाली! झोपताना मला म्हणाली, "लय जीव लावला वं या बाईनं. काहीतरी करा लागते तिच्यासाठी." मी "हं" म्हणून कूस बदलली. तेव्हाच विचारलं असतं, काय करणार म्हणून, तर!

पहाटे पाऊस पडून गेला होता. मी साडेपाचला उठून बाहेर आले तर आभाळ स्वच्छ, आणि घराखालच्या शेतात मावशी. काचा मारलेला, खुरपं हातात, चेहऱ्यावर नुसतं समाधान. शेताची एक अख्खी पायरी तिने निंदून काढली होती. त्यात मका होता, राजम्याचे वेल होते. दोन्ही तिच्या ओळखीचे. दोघांच्या मध्ये वीतभर उंचीचं हिरवंगार गवत दाट उभं होतं, तसंच जसं आमच्याकडे पावसाळ्यात ज्वारीत माजतं. तेवढं तिने मुळासकट काढलं होतं. काळी ओली माती, मधूनमधून मका, राजमा. इतकं सुरेख दिसत होतं की मीसुद्धा म्हटलं, "वा, मावशी!"

"बिचारी एकटी करते सारं," ती म्हणाली. "कवा निंदणार होती? पाह्य ना, किती माजलं होतं. झालं आता." उपटलेलं गवतही वाया घालवलं नव्हतं. अर्धा भारा गोठ्यातल्या गाईपुढे टाकला होता आणि गाय मान खाली घालून मन लावून खात होती.

तेवढ्यात बसंतीदेवी पाण्याचा हंडा घेऊन वर आली. तिने शेत पाहिलं. हंडा खाली ठेवला.

"ये किसने किया?"

"मैने," मावशी म्हणाली. छाती दोन इंच फुगलेली. "पूरा कचरा निकाल दिया. एकदम साफ!"

"कचरा?" बसंतीदेवी मटकन बांधावर बसली. "अरे दीदी, ये तो झंगोरा है!"

मावशीला काही कळलं नाही. मलाही नाही. बिष्टजी धावत आले, त्यांनी शेत पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मग मला समजावलं. झंगोरा म्हणजे इथलं धान्य. भातासारखं शिजवून खातात, खीर करतात. "आपके यहाँ भी तो आता है मैडम. व्रत में खाते हैं." काल रात्री दुधातून जे गोड गोड खाल्लं तेही हेच होतं. म्हणजे आपली भगर, किंवा तिची सख्खी बहीण.

भगर! मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "भगर? एकादशीची?" मग हातातल्या शेवटच्या रोपाकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. आयुष्यभर ती उपासाला भगर खात आली आणि त्या भगरीचं रोप कसं असतं ते तिने पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे ती दुकानातून पिशवीत येते. आणि तिच्यासारखंच दिसणारं गवत, ते मात्र ती पंचावन्न वर्षं उपटत आली होती.

"माय वं," ती एवढंच म्हणाली. तिचे दोन्ही हात लोंबत होते. ते हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं आता ही रडते. बिष्टजींनी नुकसानीचं आम्ही बघून घेऊ असं काही म्हणायला तोंड उघडलं, तर बसंतीदेवीच म्हणाली, जाने दो, इसने तो प्यार से किया. आणि तिच्या या बोलण्यानेच मावशी हलली. गोठ्याकडे पळाली. बासष्टीची बाई अक्षरशः पळाली, आणि गाईच्या तोंडापुढचा भारा ओढून घेतला. गाय सोडेना, ही सोडेना. शेवटी वरचं वरचं गाईला गेलं आणि खालची रोपं मावशीच्या हाती आली.

तिने एक रोप उलटं करून मुळं पाहिली. "माती हाये मुयाले. जमीन ओली हाये. ऊन चढाच्या आत लागलं त जगते." मग माझ्याकडे वळली. "किती वाजले?"

"पावणेसहा."

ऊन त्या पायरीवर नऊच्या सुमाराला येतं, असं बसंतीदेवी म्हणाली. म्हणजे रोपं लावायला जो वेळ होता तोच बर्फ बघायला होता. हे मला कळायच्या आधी मावशीला कळलं होतं. तिने पदर खोचला, खुरप्याने ओळ पाडली आणि खाली बसली.

मी चिडले. हो, चिडलेच. "मावशी, अहो कशासाठी आलात इथे? पंधरा वर्षं ते कॅलेंडर घेऊन बसलात! बसंतीदेवी स्वतः म्हणतेय जाऊ द्या. चला, उठा. मी महादेवरावांना शब्द दिलाय."

"तू जाय," ती वर न बघता म्हणाली. "माह्या वाटचा पाहून ये."

"मग मीही थांबते. दोघी मिळून लावू."

आता मात्र तिने वर पाहिलं. "तुले कढीपत्त्याचं पान धड तोडता येत नाई, रोप काय लावशीन? माह्यंच काम वाढशीन. जाय."

आणि मी गेले. थांबायला हवं होतं असं आज कितीही वाटलं तरी तेव्हा मी गेले, कारण मलाही बर्फ बघायचा होता. चढावर वळून पाहिलं तर दोन म्हाताऱ्या ओणव्या झालेल्या. एक ओळ पाडतेय, दुसरी लावतेय.

वर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. पावसाने धुतलेली हवा, आणि समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फ. कॅलेंडरातल्यापेक्षा कितीतरी मोठा. लख्ख उन्हात. बाकीच्या जणी ओरडायला लागल्या, फोटो काढायला लागल्या, आणि मला एकदम रडू फुटलं. ज्या बाईला हे बघायचं होतं ती खाली चिखलात बसली होती आणि जिला तसं नसतं पाहिलं तरी चाललं असतं ती मी वर उभी होते. मी सगळ्यांना तिथेच बजावलं, खाली गेल्यावर ढग होते म्हणायचं. काहीच दिसलं नाही म्हणायचं. तिला वाईट वाटायला नको. कोणी वाद घातला नाही.

खाली आलो तेव्हा मावशी बांधावर पाय पसरून बसली होती. कोपरापर्यंत माती. शेताची पायरी पुन्हा हिरवी झाली होती, पण आता ओळीत. आमच्याकडे कांद्याचं रोप लावतात तशी सरळ ओळ. कोपऱ्यातली एक जागा मात्र रिकामी राहिली होती, ती गाईची.

"पाह्यला?" तिने लांबूनच विचारलं.

"ढग होते मावशी. काही दिसलं नाही."

तिचं तोंड एवढंसं झालं. "अरेरेरे! काहीच नाई? अवं, इतकी चढली अन्... पाय दुखून राह्यले असतीन तुये. ये, बस अठी. बसंती, थोडा तेल है क्या?" आणि खरंच, ते मातीचे हात लुगड्याला पुसून ती माझे पाय धरायला खाली वाकली.

माझ्याच्याने ते पाहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, दिसला. खोटं बोलले मी. सगळा दिसला."

ती थांबली. "काहून खोटं बोल्ली?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"म्याच पाठवलं न तुले? मंग?" ती खरोखर रागावली होती. अठरा वर्षांत ती माझ्यावर एवढी एकदाच रागावली. "तिकडं काही नसतं दिसलं त वाईट वाटलं असतं मले. एकजनी तरी पाहून आली, म्हनून हातं चालून राह्यले होते माहे."

मी फोन काढला. "फोटो दाखवते ना."

"फोटो त घरी कॅलेंडरात हाये. तू सांग."

मग मी सांगितलं. केवढा होता, कसा होता. ती मध्ये मध्ये विचारत होती, आणि तिचे हात पायांशी उगवलेलं काहीतरी उपटायला निघाले की मध्येच थांबत होते.

"उन्हात होता?"

"भर उन्हात."

"पानी गयत होतं?"

"थेंबसुद्धा नाही."

"सांग बापा!" ती म्हणाली, आणि एवढी हसली की बसंतीदेवीही काही न कळता हसायला लागली. "मंग झालं."

निघताना बसंतीदेवीने झंगोऱ्याचं मूठभर बियाणं फडक्यात बांधून मावशीच्या हातावर ठेवलं. "अपने खेत में बोना, दीदी. तब पहचान हो जाएगी." दोघी गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. पण मी तर सकाळपासूनच रडत होते.

अकोल्याच्या स्टेशनवर महादेवराव उभेच होते. पहिला प्रश्न तोच. "दिसला काय बर्फ?"

मी मान खाली घातली. मावशी म्हणाली, "मले नाई दिसला. हिले दिसला. उन्हात होता, अन् गयत नव्हता."

"अन् तू काय करून राह्यली होती?"

"निंदत होती."

महादेवरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "त्यासाठी हिमालयात काहून गेली? वावर इथं नव्हतं काय?" मग तिच्या पाठीवरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी स्वतः पाहिलाय म्हटल्यावर घरी जाऊन त्यांनी कॅलेंडरचा वाद मिटवून टाकला, असं ती पुढे म्हणाली.

त्या पावसाळ्यात ती भाजी घेऊन आली की आधी म्हणायची, "फोन लाव." मी बिष्टजींना लावायचे, ते तिच्याच गावचे, फोन बसंतीदेवीला द्यायचे, आणि मग मावशी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "बसंती! झंगोरा कैसा है?" पहिल्यांदा उत्तर आलं, मान टाकलीय. दुसऱ्यांदा, उठला. पोळा होऊन गेल्यावर एकदा उत्तर आलं, कणसं आली, दाणा भरला, फक्त गाईचा कोपरा रिकामा आहे. त्या दिवशी मावशीने माझ्याकडून मेथीचे पैसे घेतले नाहीत आणि वर एक जुडी जास्त देऊन गेली.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांच्या दुखण्याने उचल खाल्ली. टोपली घेऊन गाडीत चढणं होईना. अकोल्याचं येणं बंद झालं. आता आमच्याकडे हातगाडीवाला येतो. त्याचा पालक रोजच चांगला असतो, असं तो म्हणतो.

गेल्या भाद्रपदात मी तिला भेटायला तिच्या वावरात गेले. निंदणाचे दिवस. चार मजूर बाया वांग्यात ओळीने बसल्या होत्या. विहिरीजवळ, चार काटक्या आणि जुन्या साडीचं कुंपण केलेल्या खाटेएवढ्या जागेत, वीतभर उंच, दाट, हिरवंगार गवत उभं होतं. आजूबाजूचे शेतकरी हसतात म्हणे, वच्छला म्हातारपणी गवत पेरायला लागली.

मी रस्त्यावरून येत असतानाच त्या बायांतली एक निंदत निंदत कुंपणापाशी पोचली. सवयीने तिचा हात त्या गवताकडे गेला.

"हात नको लावू!" मावशी झाडाखालून एवढ्या जोरात ओरडली की चारही बाया दचकल्या. "गवत नाई ते! बसंतीचं हाये!"

मग मला पाहून हसली, काठी टेकत आली, कुंपणाच्या आत फतकल मारून बसली आणि बोलायला लागली. गुडघ्यांचं, महादेवरावांचं, सुनेचं. बोलता बोलता हात निंदायला लागले. पण आता डोळे माझ्याकडे नव्हते. प्रत्येक पातं उपटायच्या आधी ती खाली वाकून, दोन बोटांत धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. एकेका पात्यासाठी तिचं बोलणं थांबायचं. खात्री झाली की उपटायची, नाहीतर तसंच राहू द्यायची.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी उठले, फाट्याशी येऊन मागे पाहिलं. ती तशीच बसली होती, एक पातं डोळ्यांशी धरून.